इमारतीसाठी फायर अलार्म आणि बॅकअप वीज: निवड करताना काय पाहावे

फायर अलार्म घ्यायचा ठरला की चर्चा लगेच डिटेक्टरच्या कंपनीवर जाते. आधी सोडवायचा प्रश्न वेगळाच आहे. रात्रीचे दोन वाजले आहेत, वीज गेलेली आहे आणि दार लावून झोपलेला माणूस आहे. ही यंत्रणा त्याला जागे करेल का? आगीच्या वेळी वीज जाण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. कधी वायरिंगमधल्या बिघाडानेच आग लागलेली असते, कधी अग्निशमन दलाचे जवान आल्याबरोबर मेन स्विच खाली पाडतात. म्हणून अलार्म एकाने ठरवायचा आणि बॅटरी-जनरेटरचे दुसऱ्याने नंतर पाहायचे, ही पद्धत सोडून द्यावी. दोन्हींचा हिशोब एकाच कागदावर झाला पाहिजे.

आधी इमारत कागदावर आणा

कोटेशन मागवण्यापूर्वी प्रत्येक मजल्याचा नकाशा घ्या. त्यावर क्षेत्रफळ, छताची उंची, जिने आणि बाहेर पडायचे दरवाजे मांडा. मग खोल्यांवर खुणा करा: माणसे झोपतात त्या खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघराला लागून असलेल्या जागा, इलेक्ट्रिक पॅनलची खोली, लिफ्टचा शाफ्ट, फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी, धूळ उडणारी गोदामे. रात्री फायर अलार्मच्या पॅनलजवळ (सगळे डिटेक्टर जिथे जोडलेले असतात तो नियंत्रण-डबा) कोणी असते का, हेही लिहा. बॅटरी किती तासांची लागेल हे पुढे याच उत्तरावर ठरते.

कोणते मानक पाळायचे ते याच टप्प्यावर नक्की करा. भारतात आयएस २१८९, ब्रिटनमध्ये बीएस ५८३९ भाग १, अमेरिकेत एनएफपीए ७२ अशी मानके आहेत. उपकरणांसाठी युरोपातली ईएन ५४ मालिका अनेक ठिकाणी मानली जाते. आकडे थोडेफार वेगळे असतात, त्यामुळे अर्धे एका मानकातले आणि अर्धे दुसऱ्यातले असे करू नये. या लेखातले बहुतेक आकडे ब्रिटिश पद्धतीचे आहेत. ते अंदाजासाठी वापरा. अंतिम आराखडा मात्र आपल्याकडे लागू असलेल्या मानकावर आणि अग्निशमन विभागाच्या अटींवर बेता.

पॅनल: कन्व्हेन्शनल की अॅड्रेसेबल

कन्व्हेन्शनल पॅनलला इमारतीचे झोन कळतात. 'झोन ३ मध्ये आग' एवढेच ते सांगते. त्या झोनमधल्या वीस डिटेक्टरपैकी कोणता वाजला ते फिरून शोधावे लागते. एक झोन म्हणजे एकाच मजल्यावरचा, जास्तीत जास्त २००० चौरस मीटरचा भाग. आग दिसेपर्यंत झोनच्या आत ६० मीटरपेक्षा जास्त फिरावे लागू नये. छोटे कार्यालय, दुकान किंवा दोन मजली शाळा यांना ही पद्धत पुरते, आणि तिची दुरुस्ती सोपी असते.

अॅड्रेसेबल पॅनलमध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता असतो आणि तार पॅनलमधून निघून परत पॅनललाच येते. हाच लूप. एका लूपवर उपकरणे किती बसतील ते कंपनीप्रमाणे बदलते, साधारण शंभर ते अडीचशे. तार एका जागी तुटली तरी दोन्ही बाजूंनी संपर्क राहतो. मजले तीनपेक्षा जास्त असतील, किंवा डिटेक्टर पन्नासच्या पुढे जात असतील, तर आमचे मत सरळ अॅड्रेसेबलच्या बाजूने आहे. सुरुवातीचा खर्च जास्त असतो, पण कोणता डिटेक्टर मळला आहे हे जागेवर बसून कळते.

दोन्ही पद्धतींत ठरलेल्या चुका होतात. कन्व्हेन्शनल झोनच्या शेवटच्या डिटेक्टरमध्ये एंड ऑफ लाइन रेझिस्टर बसवायचा असतो. पॅनल त्यातून सतत थोडा करंट पाठवून तार शाबूत आहे का ते तपासते. घाईत काम करणारे हा रेझिस्टर पॅनलच्याच टर्मिनलला लावून मोकळे होतात. पॅनल 'सर्व ठीक' दाखवते, आणि पुढची तार कुठेही तुटली तरी कोणाला पत्ता लागत नाही. मध्येच फाटा काढून जोडलेल्या डिटेक्टरचेही तसेच. फाट्यावरची तार तपासली जात नाही. कोणत्याही झोनचा शेवटचा डिटेक्टर बेसमधून काढून पाहा. पॅनलवर फॉल्ट आला नाही, तर काम चुकलेले आहे.

अॅड्रेसेबलमध्ये आयसोलेटर वाचवले जातात. लूपमध्ये कुठेही शॉर्ट झाला की आयसोलेटर तेवढाच तुकडा बाजूला काढतो. ते नसतील तर एका शॉर्टने अख्खा लूप बसतो. प्रत्येक झोनच्या सीमेवर आयसोलेटर असलाच पाहिजे. प्रत्येक डिटेक्टरच्या आतच तो असेल तर फारच चांगले. लूपची जाणारी आणि येणारी तार एकाच पाइपातून नेली तर लूप करण्याचा अर्थच उरत नाही, कारण एकाच जागची आग दोन्ही तारा जाळते. परतीची तार दुसऱ्या शाफ्टमधून आणायला सांगा.

खरेदीच्या करारात एक ओळ जरूर घाला: पॅनलचे प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर, कॉन्फिगरेशनची फाइल आणि पासवर्ड इमारतीच्या ताब्यात मिळतील. हे नसेल तर दहा वर्षांनी एक डिटेक्टर बदलायलाही त्याच कंपनीच्या दारात जावे लागते.

कुठे कोणता डिटेक्टर

खोल्या, पॅसेज आणि जिन्यांसाठी ऑप्टिकल स्मोक डिटेक्टर. गादी, कापूस, वायरचे इन्शुलेशन अशा धुमसत जळणाऱ्या वस्तूंचा धूर तो लवकर पकडतो. स्वयंपाकघरात आणि वाफ, धूळ किंवा इंजिनाचा धूर असलेल्या जागी हीट डिटेक्टर. त्याचे दोन प्रकार आहेत: ठरावीक तापमानाला वाजणारा, आणि तापमान झपाट्याने चढू लागले की वाजणारा. स्वयंपाकघरात पहिलाच घ्यावा. दुसरा ओव्हनचे दार उघडले तरी वाजू शकतो. झोपण्याच्या जागेत हीट डिटेक्टर एकटा कधीही ठेवू नये. तो वाजेपर्यंत खोलीत श्वास घेण्याजोगी हवा उरलेली नसते.

सपाट छताखाली स्मोक डिटेक्टर ७.५ मीटर त्रिज्येचा भाग सांभाळतो आणि हीट डिटेक्टर ५.३ मीटरचा. पण चौकोनी खोलीत वर्तुळे एकमेकांवर चढवावी लागतात, त्यामुळे प्रत्यक्ष हिशोब एका स्मोक डिटेक्टरला सुमारे १०० आणि हीट डिटेक्टरला सुमारे ५० चौरस मीटर असा धरावा. पॅसेजमध्ये दोन स्मोक डिटेक्टरमध्ये १५ मीटर चालतात. भिंतीपासून अर्धा मीटर आणि एसीच्या हवा सोडणाऱ्या जाळीपासून किमान एक मीटर दूर राहा, नाहीतर गार हवेचा झोत धूर डिटेक्टरपर्यंत पोहोचूच देत नाही. छत साडेदहा मीटरपेक्षा उंच असेल तर साधे स्मोक डिटेक्टर उपयोगाचे नाहीत. तिथे बीम डिटेक्टर (प्रकाशाचा किरण धुराने अडला की वाजणारा) किंवा नळ्यांतून हवा खेचून तपासणारी अॅस्पिरेटिंग यंत्रणा लागते.

मॅन्युअल कॉल पॉइंट (आग दिसताच हाताने दाबून अलार्म वाजवायचा डबा) जमिनीपासून १.४ मीटरवर, प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी आणि बाहेर पडायच्या दाराशी बसवतात. कुठूनही ४५ मीटरच्या आत एक सापडला पाहिजे.

बांधकाम किंवा रंगकाम चालू असताना डिटेक्टरवरची प्लॅस्टिकची टोपी काढू नका. काम संपल्यावर मात्र एकूण एक टोपी निघाली आहे का, ते मोजून पाहा. टोपीखालचा डिटेक्टर पॅनलवर निरोगीच दिसतो.

हूटर ऐकू आला पाहिजे, दाराआडही

हूटर म्हणजे अलार्मचा भोंगा. सर्वसाधारण जागेत ६५ डेसिबल, किंवा तिथल्या गोंगाटापेक्षा ५ डेसिबल जास्त, यांतला मोठा आकडा धरतात. झोपलेल्या माणसाच्या उशाशी ७५ डेसिबल लागतात, आणि गडबड नेमकी इथे होते. एक मीटरवर १०० डेसिबल देणारा हूटर दोन मीटरवर ९४, चार मीटरवर ८८ असा उतरत जातो. अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी. साधे बंद दार आणखी सुमारे २० डेसिबल खाते, फायर डोअर (आग अडवणारे दार) ३० पर्यंत. म्हणजे पॅसेजमध्ये दारापासून चार मीटरवर असलेल्या हूटरचा आवाज साध्या दाराआड ६८ आणि फायर डोअरआड ५८ उरतो. दोन्ही अपुरे. हॉटेल, वसतिगृह किंवा रुग्णालयात हूटर खोलीतच हवा. डिटेक्टरच्या बेसमध्येच बसणारा हूटर यासाठी सोयीचा पडतो. एक कानठळ्या बसवणारा हूटर लावण्यापेक्षा लहान आवाजाचे जास्त हूटर केव्हाही बरे. ऐकू न येणाऱ्यांसाठी आणि मोठ्या आवाजाच्या यंत्रशाळांसाठी चमकणारे दिवे वेगळे मोजा, कारण ते हूटरपेक्षा बराच जास्त करंट घेऊ शकतात आणि बॅटरीचे गणित बदलतात.

पॅनलची बॅटरी: हे गणित स्वतः करा

पॅनल २४ व्होल्टवर चालते, म्हणून १२ व्होल्टच्या दोन सीलबंद बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडतात. सिरीजमध्ये व्होल्टेज दुप्पट होते, एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) तेवढेच राहतात. नेहमीची अट अशी: वीज गेल्यावर २४ तास पहारा, आणि त्यानंतर अर्धा तास सगळे हूटर वाजवण्याइतका जोर शिल्लक. सुट्टीत दोन-तीन दिवस बंद राहणाऱ्या, कोणी लक्ष ठेवत नसलेल्या इमारतीला हे पुरत नाही; तिथे ७२ तास धरा.

सूत्र असे आहे. शांत स्थितीतला करंट गुणिले तास, अधिक अलार्मचा करंट गुणिले अलार्मचे तास गुणिले १.७५, या बेरजेला १.२५ ने गुणायचे. १.७५ यासाठी की बॅटरीवरचे एएच २० तासांत हळूहळू उपसण्याच्या हिशोबाने छापलेले असतात. झपाट्याने ओढले तर तेवढे मिळत नाहीत. १.२५ ही बॅटरी जुनी होताना घटणाऱ्या क्षमतेची भरपाई आहे.

समजा पॅनल शांत असताना ०.१५ अँपिअर घेते. १२० डिटेक्टर आणि कॉल पॉइंट प्रत्येकी ०.४ मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे ०.०५. मॉड्यूल (इतर यंत्रणा लूपला जोडणारी उपकरणे) आणि रिपीटर (दुसऱ्या जागी लावलेला पॅनलचा जोड-पडदा) मिळून ०.१०. एकूण ०.३० अँपिअर. अलार्ममध्ये पॅनल आणि मॉड्यूल ०.४, शिवाय २० मिलिअँपिअरचे ४० हूटर म्हणजे ०.८, एकूण १.२ अँपिअर. आता २४ × ०.३० = ७.२. अलार्मचे १.२ × ०.५ × १.७५ = १.०५. बेरीज ८.२५, गुणिले १.२५ म्हणजे १०.३ एएच. बाजारात मिळणारा पुढचा आकार १२ एएच. डोळे मिटून ७ एएचची जोडी लावली असती, तर ही यंत्रणा २४ तास पुरे होण्याआधीच गप्प झाली असती. हीच इमारत ७२ तासांसाठी धरली तर उत्तर २८.३ एएच येते.

इथे आणखी एक गोष्ट तपासायची. पॅनलचा चार्जर एवढी बॅटरी भरू शकतो का? ईएन ५४ भाग ४ प्रमाणे रिकामी झालेली बॅटरी २४ तासांत ८० टक्के भरली पाहिजे. छोट्या पॅनलला मोठी बॅटरी जोडली तर ती कधी पूर्ण भरतच नाही, आणि हे वीज गेल्यावरच उघडकीस येते. दोन्ही बॅटऱ्या एकाच बनावटीच्या, एकाच तारखेच्या घ्या आणि जोडीनेच बदला. जुनी-नवी एकत्र केली की एक जास्त चार्ज होते, दुसरी उपाशी राहते, आणि दोन्ही जातात. बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीवरच लिहा. आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे. तापमान २५ अंशांच्या वर प्रत्येक १० अंशांनी वाढले की ते जवळपास निम्मे होते, म्हणून गच्चीवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये पॅनल ठेवू नये.

'आमच्याकडे यूपीएस आहे, मग पॅनलला बॅटरी कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. यूपीएसवर कोणीतरी उद्या संगणक जोडतो, परवा प्रिंटर. यूपीएस बिघडला तर फायर पॅनलला ते कळतही नाही. पॅनलच्या आतल्या बॅटरीवर मात्र पॅनल स्वतः लक्ष ठेवते आणि ती ढिली पडली की फॉल्ट देते. यूपीएस असो वा जनरेटर, पॅनलची बॅटरी काढू नये.

तारेची जाडी

हूटर पॅनलपासून दूर असतील तर तारेत व्होल्टेज पडते. १.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम. २०० मीटर अंतरावर जाणारी-येणारी मिळून ४०० मीटर, म्हणजे ४.८४ ओहम. वरचे ०.८ अँपिअर एकाच ओळीच्या टोकाला धरले तर ३.९ व्होल्ट तारेतच जातात. बॅटरी संपत आली की ती २१ व्होल्टपर्यंत उतरते. हूटरला उरले १७.१. हूटरला किमान १८ लागत असतील तर तो कुजबुजेल किंवा मुका राहील. २.५ चौरस मिमी तार घेतली तर १८.६ मिळतात. चाचणी मेन विजेवर घेतली तर सगळे खणखणीत वाजते, म्हणून ही चूक लपून राहते.

केबल आग सहन करणारी हवी. मोठ्या, टप्प्याटप्प्याने रिकाम्या करायच्या इमारतींत १२० मिनिटे टिकणारी केबल घ्या. ती धातूच्या क्लिपांनी बांधा. प्लॅस्टिकच्या क्लिपा वितळल्या की केबल लोंबकळते; त्यात माणसे अडकतात. पॅनलची वीज स्वतंत्र सर्किटवरून घ्या आणि त्या एमसीबीवर ठळक लिहा: 'फायर अलार्म, बंद करू नये.'

जनरेटर कशाला, आणि केवढा

पॅनल बॅटरीवर तग धरते. आणीबाणीच्या दिव्यांत स्वतःची बॅटरी असते, एक ते तीन तासांची. जनरेटर लागतो तो मोठ्या मोटरींसाठी: फायर पंप, फायर लिफ्ट, जिन्यात हवेचा दाब ठेवणारे आणि धूर बाहेर काढणारे पंखे. वीज गेल्यापासून १० सेकंदांत जनरेटर सुरू होऊन एटीएसने (पुरवठा आपोआप जनरेटरवर बदलणाऱ्या स्विचने) भार घेतला पाहिजे. यासाठी माणसाने हाताने फिरवायचा चेंजओव्हर नको.

क्षमता ठरवताना चालू भारापेक्षा मोटर सुरू होतानाचा झटका महत्त्वाचा. ३७ किलोवॉटचा पंप चालताना सुमारे ४६ केव्हीए (जनरेटरची क्षमता याच एककात सांगतात) घेतो. तो थेट सुरू केला तर पूर्ण भाराच्या सहा ते सात पट करंट ओढतो, म्हणजे ३०० केव्हीएच्या आसपास. ७५ केव्हीएचा जनरेटर कागदावर पुरेसा वाटतो, पण त्या झटक्यात व्होल्टेज कोसळते, कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारे चुंबकी स्विच) सुटतात, पंप पुन्हा सुरू व्हायला बघतो आणि पुन्हा सुटतो. स्टार-डेल्टा स्टार्टरने (मोटर आधी कमी व्होल्टेजच्या 'स्टार' जोडणीत सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजच्या 'डेल्टा'त नेणारा) सुरुवातीचा करंट साधारण एक तृतीयांशावर येतो, पण स्टारमधून डेल्टात जाताना दुसरा धक्का बसतो. तोही पुरवठादाराकडून हिशोबात धरून घ्या. सगळ्यांत मोठी मोटर आधी, बाकीच्या पाच-दहा सेकंदांच्या अंतराने, असा क्रम लावला तर लहान जनरेटरही भागवतो. डिझेल इंजिनावर चालणारा स्वतंत्र फायर पंप असेल तर त्याला जनरेटर लागत नाही, पण त्याच्या बॅटऱ्या आणि चार्जर नियमित तपासावे लागतात.

जोडणी कुठे केली आहे, यावर बरेच काही अवलंबून असते. फायर पंप आणि फायर लिफ्टचा पुरवठा इमारतीच्या मेन स्विचच्या आधीच वेगळा काढलेला हवा, म्हणजे जवानांनी मेन पाडला तरी पाणी थांबत नाही. उलट, जनरेटर अख्ख्या इमारतीला जोडलेला असेल तर मेन पाडताच तो आपोआप सुरू होतो आणि 'मेलेल्या' समजल्या गेलेल्या तारांत पुन्हा वीज येते. पाण्याचा फवारा हातात धरलेल्या माणसासाठी हे जिवावरचे आहे. म्हणून जीवरक्षक भाराचे वितरण पॅनल वेगळे ठेवा, जनरेटर फक्त त्यालाच जोडा, आणि काय बंद केल्यावर काय चालू राहते याचा नकाशा मेन पॅनलजवळ चिकटवा.

इंधन एका किलोवॉट-तासाला पाव लिटरपेक्षा थोडे जास्त धरा. १०० किलोवॉट भार सहा तास चालवायचा तर १६० लिटरच्या आसपास, वर राखीव. साठून राहिलेल्या डिझेलमध्ये पाणी उतरते आणि फिल्टर तुंबतात, त्यामुळे टाकीच्या तळाचा निचरा करत राहा.

ताब्यात घेताना आणि नंतर

ताबा घेताना ठेकेदारासमोर पॅनलची मेन वीज बंद करा. चोवीस तास तशीच ठेवा. मग एक कॉल पॉइंट दाबून अर्धा तास अलार्म वाजू द्या आणि शेवटच्या मिनिटांत सर्वांत लांबच्या खोलीत, दार लावून, डेसिबल मोजा. सोबत पाहा: एसीचे पंखे थांबले का, लिफ्ट तळमजल्यावर येऊन दारे उघडून थांबल्या का, चुंबकाने धरलेली फायर डोअर सुटली का, प्रवेशनियंत्रणाची कुलपे उघडली का. कोणता डिटेक्टर वाजल्यावर काय काय व्हायचे, याचा तक्ता आधीच सहीनिशी घ्या, नाहीतर तपासायचे कशाशी?

पुढे दर आठवड्याला एक कॉल पॉइंट, प्रत्येक वेळी वेगळा. दर सहा महिन्यांनी बॅटरीची भार देऊन चाचणी. नुसते व्होल्टेज पाहून भागत नाही, कारण मृतप्राय बॅटरीही चार्जरवर २७ व्होल्ट दाखवते. वर्षभरात प्रत्येक डिटेक्टर चाचणीच्या धुराने एकदा तपासून साफ करायचा. जनरेटर महिन्यातून एकदा ३० मिनिटे, किमान ३० टक्के भारावर चालवा. रिकामा फिरवत राहिलात तर न जळलेले डिझेल आणि काजळी धुराड्यात साचते, आणि खऱ्या भाराला इंजिन दम टाकते. जनरेटर सुरू न होण्याची नेहमीची कारणे साधी असतात: स्टार्टरची बॅटरी बसलेली, इंधनाचा कॉक बंद, किंवा सर्व्हिसिंगनंतर सिलेक्टर 'ऑटो'वर परत न आणलेला. सर्व्हिसचा माणूस निघण्यापूर्वी या तीन गोष्टी त्याच्याकडून दाखवून घ्या आणि मगच नोंदवहीत सही करा.

कुठे नवी पार्टिशन उभी राहिली, खोलीचा वापर बदलला किंवा फॉल्स सीलिंग आले, तर नकाशा पुन्हा काढा. एका खोलीच्या दोन झाल्या की त्यांतल्या एकीत डिटेक्टर नसतो. आणि पॅनलवर पिवळा फॉल्ट दिवा लागला असेल तर बझर बंद करून सोडून देऊ नका. पहिला फॉल्ट तसाच राहिला की पुढचे फॉल्ट त्याच दिव्यामागे दडतात.